वरच्या ओळीतली काळी खिडकी

दोन मिनिटं दिली आहेत मला. या घराच्या फरश्या पुसता पुसता माझे गुडघे गेले आणि कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे दोन मिनिटं, तीही चहाच्या अगदी आधी, म्हणजे निम्म्या लोकांचं लक्ष त्या टेबलावरच्या केककडे असणार. वर सकाळी ऑफिसातून निरोप, "थेल्मा, थोडक्यात बोल आणि गोड बोल." थोडक्याचं बघते. गोडाचं मी कबूल केलेलं नाही. गोड बोलायला मंचावर इतकी माणसं बसवली होती, त्यांचं बोलून झालं. मी सगळं ऐकलं. घराच्या दर्शनी बाजूबद्दल ऐकलं, तिच्या दुरुस्तीला मिळालेल्या पारितोषिकाबद्दल ऐकलं, वरच्या ओळीतल्या दोन टोकांच्या खिडक्या कशा जुळ्या बहिणींसारख्या दिसतात ते तर तिघांनी सांगितलं. त्यातल्या एका खिडकीच्या मागे एक म्हातारी बाई बसली आहे, आत्ता, आपण इथे टाळ्या वाजवतोय तेव्हा, बाहेर लख्ख ऊन असताना दिवा लावून. हे एकानंही सांगितलं नाही.

हां, नावं घ्यायची राहिली. रीत आहे, घेते. आजच्या समारंभाचे आणि वुलकॉट हॉल ट्रस्टचे अध्यक्ष, सन्माननीय सर हम्फ्री डॅलिमोर. त्यांच्या शेजारी आपले आजचे सत्कारमूर्ती, ज्यांनी हे घर पुन्हा पहिल्यासारखं उभं केलं ते मिस्टर ऑब्री पेनरोझ. आपले पाद्रीसाहेब, जे सुरुवातीलाच देवाच्या प्रकाशाबद्दल फार सुंदर बोलले. पारितोषिक देणाऱ्या मंडळाच्या बाई, ज्यांचं नाव मला नीट उच्चारता येत नाही, म्हणून त्याची वाट लावत नाही. आणि समोर बसलेले गावकरी, बागेतली, स्वयंपाकघरातली, तिकिटांच्या टेबलावरची आपली सगळी माणसं. आणि माझा नवरा क्लिफ, जो शेवटच्या रांगेतून मला खाली बस अशा खुणा करतोय. क्लिफ, हात खाली घे. सगळ्यांना दिसतंय.

माझं शिक्षण काही नाही. चौदाव्या वर्षी शाळेनं मला सोडलं, मी शाळेला सोडलं, दोघीही सुखी झालो. त्यामुळे या घराबद्दल मला जे कळतं त्यातलं निम्मं मिस्टर पेनरोझ यांच्याकडून कळलं, आणि ते मी मान्य करते. आज त्यांच्या निरोपाचा दिवस आहे, माणसाचं चांगलं ते सांगायलाच हवं. ते इथे आले तेव्हा मी घर बघायला येणाऱ्या पाहुण्यांना सांगायचे, की वरच्या खोट्या खिडक्या जुन्या काळी खिडक्यांवर कर होता म्हणून बुजवल्या. पाहुण्यांना ते आवडायचं. सरकारला शिव्या घालायला मिळाल्या की पाहुणे खूश. मिस्टर पेनरोझनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "थेल्मा, कराचा काही संबंध नाही. घर बांधतानाच ती खोटी बांधली. पश्चिमेच्या टोकाला आतून धुराडं वर जातं, तिथे खिडकी पाडता येत नाही. पण बाहेरून जागा मोकळी दिसली तर घराचा एक दात पडल्यासारखं वाटेल. म्हणून तिथे चौकट केली, आत काळा रंग दिला, पांढऱ्या पट्ट्या ओढल्या. लांबून खिडकी. याला आंधळी खिडकी म्हणतात."

मी म्हटलं, "आणि पूर्वेच्या टोकाची? ती तर उघडते."

म्हणाले, "ती पण मुळात आंधळीच होती. जुळणी व्हावी म्हणून."

मला तेव्हा हसू आलं होतं. एका बाजूला धुराडं म्हणून खिडकी नाही, तर दुसऱ्या बाजूलाही नाही, का, तर पहिलीला वाईट वाटू नये. पण मग मी घर नीट बघायला लागले आणि कळलं, की हे सगळं घरच असं आहे. हे आपण बसलोय ते जेवणाचं दालन घ्या. सर हम्फ्री, तुमच्या मागे उजव्या हाताला दार आहे, त्यातून तुम्ही आत आलात. डाव्या हाताला तसंच दार आहे. तीच महोगनी, तीच पितळी मूठ. ते उघडून बघा. नको, बघू नका, उघडत नाही, मागे भिंत आहे. ती मूठ मी दर सोमवारी घासते. या घरात आल्यापासून घासतेय, आणि त्या दारातून आजवर कुणी आलेलं नाही. बाहेरच्या दालनातले खांब संगमरवरी दिसतात, ते रंगवलेल्या गिलाव्याचे आहेत. वाचनालयात पुस्तकांचं एक कपाट आहे, त्यात पुस्तकं नाहीत, नुसत्या पाठी चिकटवल्यात आणि त्यामागे नोकरांचा जिना आहे. म्हणजे आम्ही कोळसा घेऊन वर गेलो की पाहुण्यांना वाटायचं, ज्ञान गिळून टाकतंय आम्हाला.

हसा, हसा. मीही हसत होते. खोटं दार कुणाला लागत नाही. खोटा खांब कुणाच्या पोटावर पाय देत नाही. माझं त्यांच्याशी भांडण नाही.

आता खऱ्या खिडकीचं सांगते, कारण इथे बाहेरगावची मंडळी आहेत आणि त्यांना मिस गॅड कोण ते माहीत नसणार.

मिस हेस्टर गॅड या घरात धोब्याच्या कामाला आली तेव्हा पोरगेलीच होती. मी आले तेव्हा ती धुलाईघराची मुख्य होती आणि मी तिच्या हाताखाली चादरी पिळायचे. कडक बाई. माझी घडी चुकली की बोलायची नाही, नुसती उलगडून परत माझ्या हातात द्यायची. थोरल्या बाईसाहेब होत्या तेव्हा, ट्रस्टच्या आधी, त्यांनी एका नाताळात सगळ्या नोकरमाणसांसमोर तिला सांगितलं, "हेस्टर, पूर्वेकडची वरची खोली तू आहेस तोवर तुझी." तुझी म्हणजे तुझी. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. इथे समोर ऐकलेली चार डोकी अजून आहेत, पांढरी झालीत पण आहेत.

त्या खोलीची खिडकी बाईसाहेबांच्या आजेसासूनं फोडून घेतली होती. धुलाईघरातली एक मुलगी छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळली, खोलीत वारा नाही, उजेड नाही, तर त्या बाईनं नवऱ्याला सांगितलं, भिंत पाड. नवरा म्हणाला असेल, जुळणी बिघडेल. बिघडू दे म्हणाली. गवंडी बोलावला, आंधळी खिडकी फोडली, काच बसवली. मुलगी जगली की नाही ते मला माहीत नाही. पण खिडकी जगली. मिस गॅडनं तिथे बसून आयुष्यभर सकाळचा चहा प्यायला. खिडकीत लाल जिरेनियमची कुंडी. खालच्या कुरणातल्या गायी तिला नावानं माहीत. मागच्या वर्षी मोतीबिंदू काढला तेव्हा पट्टी सुटल्यावर ती पहिलं काय बोलली असेल? "थेल्मा पोरी, काचा किती घाण आहेत गं. पुसत नाहीस की काय?"

आणि मग दुरुस्ती निघाली. दर्शनी बाजू पहिल्यासारखी करायची. पहिल्यासारखी म्हणजे थोरल्या बाईसाहेबांच्या काळासारखी नव्हे, त्यांच्या आजेसासूच्याही आधीसारखी, म्हणजे दोन्ही टोकं आंधळी. मी तेव्हाच विचारलं. मिस्टर पेनरोझ, तुम्ही मान हलवताय, आठवतंय ना तुम्हाला? मी म्हटलं, "आणि मिस गॅड?" तुम्ही म्हणालात, "अगं, काळजी करू नकोस. आपण लाकडी फळी करू, बाहेरून काळी, आतून बिजागरी. शनिवार-रविवारी पाहुणे येतात तेवढ्यापुरती लावायची, एरवी उघडी." मिस गॅडला तुम्ही स्वतः वर जाऊन सांगितलंत. ती म्हणाली, "शनिवार-रविवार मी तशीही डुलक्याच काढते." तिच्यापुरता प्रश्न मिटला.

फळी अजून आलेली नाही. रंग आला.

एप्रिलातली गोष्ट. दुपारी जेवून ती आडवी झाली होती, पडदा ओढलेला. बाहेर परांची बांधलेली. रंगारी डग स्क्रीच वर चढला आणि त्यानं खिडकी काळी केली. लाकूड नव्हे. काच. सगळ्या काचा, वरून पांढऱ्या पट्ट्या सुद्धा. हात चांगला आहे त्याचा, एक थेंब ओघळला नाही.

मी खालच्या जिन्यावर होते. वरून हाक आली. मिस गॅड हाका मारणारी बाई नाही. मी पळत गेले. ती पलंगावर बसून दोन्ही हातांनी आपले डोळे चाचपत होती. पडदा तिनं बाजूला केला होता. म्हणाली, "थेल्मा, गेले बघ डोळे. दोन्ही गेले." मी म्हटलं, "नाही गेले." म्हणाली, "उगाच समजूत घालू नकोस, दुपारचे चार वाजलेत आणि मला खिडकी दिसत नाही." मी दिवा लावला. तिला माझं तोंड दिसलं. मग तिनं खिडकीकडे बघितलं, बराच वेळ, आणि हसली. म्हणाली, "म्हणजे मी नाही, ती आंधळी झाली होय."

तिला हसू आलं. मला नाही.

त्या डग स्क्रीचला मी खाली गाठलं. तो आज आलेला नाही, आणि मी त्याच्या नावानं खडे फोडणार नाही. त्याला म्हटलं, "अरे, काच दिसली नाही तुला?"

"दिसली की."

"मग?"

"मला सांगितलं, वरच्या ओळीतली दोन्ही टोकं आंधळी आहेत, काळी करायची. मला वाटलं, हिला खोटी काच बसवली असेल."

"खोट्या काचेमागे पडदा असतो होय रे?"

"थेल्मा, या घरात खोटी दारं आहेत, खोटी पुस्तकं आहेत. मागच्या आठवड्यात मी दगडी खांब म्हणून ज्याला टेकलो तो गिलावा निघाला. मी म्हटलं, पडदाही खोटाच असेल."

दुसऱ्या कुठल्याही घरात तो माणूस मूर्ख ठरला असता. इथे नाही ठरत.

चूक झाली. चूक होते. दुसऱ्या दिवशी खरवडली असती तर मी आज गोड बोलले असते. मी त्याच संध्याकाळी मिस्टर पेनरोझकडे गेले. ते लॉनवर होते, फोटोवाल्याबरोबर, कारण परीक्षक यायचे होते. मी म्हटलं, "तुमच्या रंगाऱ्यानं काच रंगवली, ती अंधारात बसलीय." तुम्ही म्हणालात, "हो, कळलं मला. फार वाईट झालं. बघू आपण." आणि मग माझ्या खांद्याला धरून मला वळवलंत. म्हणालात, "पण इथून बघ थेल्मा. सांग, यातली खरी कुठली?"

मी बघितलं. मला सांगता आलं नाही.

आणि सुंदर दिसत होतं, तेही सांगते. मावळतीचं ऊन त्या पिवळ्या दगडावर, मधे खांब, दोन्हीकडे सारख्या खिडक्या, एक रेष इकडची तिकडे नाही. एखादा माणूस पहिल्यांदाच ताठ उभा राहावा तसं घर उभं होतं. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तुमचा राग आला तो तिथे. तुम्हाला कळत नाही म्हणून नव्हे. कळतं म्हणून. मोडकी कौलं, फुटक्या पन्हळी यांच्यासाठी रात्र रात्र झोप न लागणारा माणूस तुम्ही, आणि त्या काचेमागे कोण आहे ते आठवून तुमची मान वर गेली ती खिडकीकडे बघायला, खोलीकडे नव्हे.

परीक्षक येऊन जाऊ दे म्हणालात. आले, गेले. मग निकाल लागू दे. लागला. मग तुम्ही म्हणालात, आता मंजूर झालेल्या दर्शनी बाजूला हात लावायचा तर सर हम्फ्रींची समिती ठरवेल. मी सर हम्फ्रींना फाटकापाशी गाठलं. सर, तुम्ही गाडीची काच खाली केलीत, तेवढी तरी केलीत, आणि म्हणालात, "आम्ही काय सांगणार, हा पेनरोझचा प्रांत. त्यानं शिफारस केली तर आमची हरकत नाही." मी परत मिस्टर पेनरोझकडे. ते म्हणाले, समितीनं विचारलं तर मी शिफारस करीन. मी परत तुमच्याकडे. उन्हाळाभर मी या दोघांच्या मधे भोवऱ्यासारखी फिरले. प्रत्येकजण दुसऱ्याचं नाव घ्यायचा, आणि काय आदरानं घ्यायचा.

म्हणून आज बोलते. लोक म्हणतील, निरोपाच्या दिवशी काय हे. अहो, आजच. आज पहिल्यांदा हे दोघे एकमेकांच्या शेजारी, खुर्चीला खुर्ची लावून बसलेत. आज कुणाला कुणाकडे पाठवणार?

क्लिफनं मधे चाकू घेऊन प्रयत्न केला. रंग चौकटीत इतका मुरलाय की तावदान वर सरकत नाही. जोर लावला तर एका काचेला चीर गेली. लगेच ऑफिसातून फोन, "ऐतिहासिक वास्तूला इजा करू नये." काचेला चीर गेलेली तुम्हाला तिसऱ्या दिवशी कळली. आतल्या बाईला काय झालं ते विचारायला पाच महिन्यांत कुणाला जिना चढावासा वाटला नाही.

बंगल्याचं सांगितलंत, तेही बोलून टाकते, नाहीतर चहाच्या वेळी कुणी माझ्या कानात सांगेल. रस्त्याजवळ ट्रस्टचा छोटा बंगला रिकामा आहे, छान आहे, जिना नाही, खिडक्या मोठ्या, तिथे तिला हलवू. मिस गॅडला मी विचारलं. म्हणाली, "तिथून गायी दिसत नाहीत." आणि थोड्या वेळानं म्हणाली, "मला जायला कुणी सांगितलंय का थेल्मा?" मी म्हटलं, नाही. खरंच नाही सांगितलं. जा असं कुणीच म्हणालं नाही. नुसती काच रंगवली आणि थांबून राहिले.

आता मिस गॅडचा निरोप. मी इथे खरं तर तिच्या वतीनं उभी आहे, माझ्या वतीनं मी आगाऊच बोलले. ती आज खाली आली नाही, जिना उतरवत नाही. ती मला सकाळी म्हणाली, "तिथे जाऊन भांडू नकोस. ऑब्रीला माझे आभार सांग. मुरंबा आणून द्यायचा, खुर्चीत बसून दोन शब्द बोलायचा, एवढ्या मोठ्या माणसाला काय गरज होती?" मी म्हटलं, "एप्रिलपासून आला का एकदा तरी?" म्हणाली, "त्याला लाज वाटत असेल. त्याला सांग, मला राग नाही, जिना चढून ये." मिस्टर पेनरोझ, दर शुक्रवारी तुम्ही तिच्याकडे चहाला जायचात. तुम्हाला वसंतात शिंका येतात, तुम्हाला कागदी रुमाल चालत नाहीत, आणि तुमचे सुती रुमाल ती इस्त्री करून द्यायची, कुणी सांगितलं नव्हतं, तिच्या मनानं. तुम्ही यायचे थांबलात तरी रुमाल जातच होते. मीच न्यायचे, मीच आणायचे.

हा तिनं दिलेला पुडा. निरोपाची भेट. सहा नवे रुमाल, तिनं खळ घालून, इस्त्री करून दिलेत. इकडे या, घ्या. नाही, इथेच उघडा.

सगळ्यात वरचा बघा. कोपऱ्यात तांबूस डाग आहे ना? इस्त्री लागली. साऱ्या आयुष्यात मिस गॅडच्या हातून कापड भाजल्याचं मी पाहिलेलं नाही. राजघराण्यातले पाहुणे यायचे तेव्हाची टेबलावरची कापडं तिनं केली, लग्नातले झगे केले. आणि हा रुमाल तिनं त्या पिवळ्या बल्बखाली, नाक इस्त्रीला लावून केला आणि तिला रंग बदललेला दिसला नाही. हाताला लागला. बोट फिरवून तिला कळलं. तिनं तो गठ्ठ्यात सगळ्यात खाली घातला होता. म्हणाली, "खालीच ठेव, त्याला घरी गेल्यावर दिसू दे, सगळ्यांसमोर नको." दार लावल्यावर मी तो वर आणून ठेवला. ती रागावेल माझ्यावर. रागावू दे.

हो, बसते आता, क्लिफ.

समारंभ चांगला झाला. ज्यांनी खुर्च्या लावल्या, केक केले, फुलं आणली त्यांचे मी आभार मानते, कारण त्यांचे कुणी मानले नाहीत. सर हम्फ्री, तुम्ही मला बोलू दिलंत, मधे घंटी वाजवली नाहीत, त्याबद्दल तुमचेही. मिस्टर पेनरोझ, नव्या जागी तुम्हाला याहून मोठं घर मिळतंय म्हणतात. तिथे वरच्या मजल्यावर कोण राहतं ते आधी बघून घ्या. मी शिकलेली नाही, मला वाक्यं फिरवून बोलता येत नाही. माझ्या बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, एखादा शब्द वाकडा गेला असेल, तर तो माझ्या पदरात घाला आणि मला माफ करा. विषयाबद्दल मात्र मी माफी मागत नाही.

आणि एक. मिस्टर पेनरोझ मायकेलमसपर्यंत, म्हणजे एकोणतीस सप्टेंबरपर्यंत कामावर आहेत. या मुलखात मायकेलमसला घरं रिकामी होतात, नोकऱ्या संपतात, जुने हिशेब मिटतात, हे मला कुणी शिकवायला नको आणि तुम्हालाही नको. त्या दिवशी दुपारी बारा वाजता मी पूर्वेच्या बाजूला लॉनवर उभी असेन. जिथे तुम्ही मला उभी केली होतीत तिथेच. आज इथे बसलेल्यांपैकी ज्याला यायचं त्यानं यावं. ती काच साफ करणार की नाही, एवढंच विचारणार आहे. समितीनं बघू म्हटलं हे उत्तर नाही, शिफारस झाली की हेही नाही. तुम्ही दोघांनी मिळून यायचं आणि हो किंवा नाही म्हणायचं. पण माझ्याकडे बघून नाही. वर तोंड करून, मिस गॅडला ऐकू जाईल अशा आवाजात, कारण तुम्ही उभे आहात हे तिला त्या खिडकीतून दिसणार नाही.